विनाशेपटीचं फायटर वळतं कसं, आणि त्यात इंजिनाचं काम काय

प्रश्न असा आहे की सहाव्या पिढीची म्हणून जी विमानं दिसतायत त्यांना उभी शेपटीच नाही, मग ती वळणार कशी, थ्रस्ट व्हेक्टरिंग (इंजिनाच्या मागचं तोंड, म्हणजे नॉझल, वळवून जेटची दिशा बदलणं) नसेल तर ती फायटर म्हणायची की छोटे बॉम्बर, आणि त्या जे-३६ नावाच्या चिनी विमानात तीन इंजिनं कशाला. मी फ्लाइट कंट्रोलमध्ये बरीच वर्षं काढलीत, विंड टनेल, सिम्युलेटर आणि टेस्ट डेटा यातच, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी माझं मत सांगून टाकतो. विनाशेपटीचं विमान चपळ असू शकतं, ते उडवून सिद्धही झालंय. पण शेपटी काढली म्हणून तिचं काम काही जात नाही, ते कुणाला तरी उचलावं लागतं, आणि ते पंखाच्या मागच्या कडा, कॉम्प्युटर आणि इंजिन यांच्यात वाटलं जातं. इथून पुढे इंजिन म्हणजे नुसती ढकलणारी वस्तू राहत नाही, ते विमानाचा तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा भाग होतं. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं.

मुळात शेपटी काढायची कशाला? रडारसाठी. बाजूने बघितलं तर उभी शेपटी म्हणजे मोठा सपाट पत्रा, आणि ती पंखाला काटकोनात मिळाली तर तो कोपरा रडारची लहर आली तशी परत पाठवतो. एफ-२२ आणि एफ-३५ मध्ये शेपट्या तिरक्या केल्यात त्या याचसाठी, आणि एक्स-बँडच्या रडारला ते पुरतं, कारण तिथे लहर तीनेक सेंटीमीटरची असते. पण व्हीएचएफ रडारची लहर एक ते दहा मीटरची, आणि फायटरची शेपटीही दोन-तीन मीटरचीच, म्हणजे लहर आणि वस्तू एकाच मापाच्या झाल्या की रेझोनन्स होतो आणि तिरकं करून, कोटिंग लावून फारसं काही हाताला लागत नाही. तिथे ती वस्तू काढून टाकणं हाच खरा उपाय. शिवाय वजन वाचतं, ड्रॅग कमी होतो, तो फायदा वेगळाच.

आता ती करत काय होती ते बघा. बाणाच्या मागे पिसं असतात तसं तिचं काम, नाक डावीउजवीकडे भरकटलं की परत समोर आणायचं. ती काढली की विमान यॉमध्ये अस्थिर होतं, म्हणजे नाक एक अंश सरकलं की स्वतःहून आणखी सरकायला बघतं. दुसरं काम रोल करतानाचं, एक पंख वर गेला की त्याचा ड्रॅग वाढतो आणि नाक उलट्या बाजूला जातं, ते रडर, म्हणजे शेपटीची मागची हलणारी फळी, सावरतो. एक इंजिन बंद पडलं तर सरळ ठेवायचं, आडव्या वाऱ्यात उतरताना नाक रनवेच्या रेषेत आणायचं, स्पिनमधून बाहेर काढायचं, ही सगळी कामं तिचीच.

पण एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, की जिथे खरी झटापट होते तिथे शेपटी फारशी कामाची उरतच नाही. विंड टनेलमध्ये मॉडेलवर दोऱ्याचे छोटे तुकडे चिकटवतात, हवा कशी वाहते ते दिसावं म्हणून. अल्फा, म्हणजे येणाऱ्या हवेशी विमानाचा उभा कोन, दहा अंशावर असेल तर सगळे दोरे शहाण्यासारखे मागे वळलेले असतात. वीसच्या आसपास पंखाच्या टोकाचे थरथरायला लागतात, आणखी थोडं वाढवलं की काही चक्क पुढच्या दिशेला वळतात, म्हणजे हवा तिथे उलटी फिरतेय. आणि त्याच वेळी शेपटीवरचे दोरे नुसते लोंबकळत हलत असतात, कारण पंख आणि धडाच्या मागची ती सगळी घुसळलेली मेलेली हवा शेपटीवर येते. तिशीच्या पुढच्या अल्फाला रडर पूर्ण फिरवा, नाक ढिम्म हलत नाही. त्यामुळे शेपटी नाही म्हणजे चपळाई गेली हे समीकरण मला कधीच पटलेलं नाही.

तिच्या जागी काय येतं? सगळ्यात जुना उपाय म्हणजे पंखाच्या टोकाची कड वर-खाली अशी दुभंगून उघडायची, त्या बाजूला ड्रॅग वाढतो आणि नाक तिकडे वळतं. अमेरिकेचं विनाशेपटीचं बी-२ बॉम्बर हेच करतं. यात अडचण अशी की ती कड थोडीशीच उघडली तर ती पृष्ठभागालगतच्या मंद हवेतच राहते आणि परिणाम जवळजवळ शून्य, म्हणून बी-२ एरवी त्या दोन्ही बाजूंना साधारण पाच अंश उघड्याच ठेवून उडतं. शत्रूच्या हद्दीत मात्र उघडी फट चालत नाही, तिथे त्या मिटवून डाव्या-उजव्या इंजिनांचा थ्रस्ट कमीजास्त करून दिशा धरतात. म्हणजे इंजिनाकडे हे काम १९८९ मध्ये बी-२ पहिल्यांदा उडालं तेव्हाच्या पिढीतच आलं होतं, फक्त ते बॉम्बर होतं, त्याला घाई नव्हती.

फायटरसाठीचा पुरावा म्हणजे एक्स-३६. नासा आणि मॅकडॉनेल डग्लस यांचं २८ टक्के मापाचं, जमिनीवरून पायलट उडवायचा असं विमान, १७ मे १९९७ ला पहिल्यांदा उडालं, एकूण ३१ उड्डाणं झाली. ना उभी शेपटी ना आडवी, पुढे कॅनार्ड म्हणजे छोटे पंख, मागे दुभंगणारे एलेरॉन म्हणजे पंखाच्या हलणाऱ्या कडा, आणि डावीउजवीकडे वळणारं नॉझल. पिच (नाक वर-खाली) आणि यॉ (नाक डावीउजवीकडे) दोन्हीत अस्थिर असूनही ४० अंशापर्यंतच्या अल्फाला ते व्यवस्थित काबूत राहिलं. त्याआधी १९९४ मध्ये एक्स-३१ वर वेगळाच प्रयोग झाला, शेपटी जागेवर ठेवून रडर असा चालवला की शेपटीचा परिणाम पुसला जावा, आणि नॉझलमागच्या तीन पात्यांनी जेट वळवून विमान सुपरसॉनिक वेगात सांभाळलं. हे दोन प्रयोग मला फार महत्त्वाचे वाटतात, आजची सगळी डिझाइन्स त्यांच्या खांद्यावर उभी आहेत. याशिवाय अख्खं पंखाचं टोकच फिरवायचं, पंखातून आरपार फट उघडायची, असे उपाय नव्वदीतच टनेलमध्ये तपासून झालेत, आणि शेनयांग या चिनी कंपनीच्या नव्या विमानाच्या फोटोंत फिरणारी टोकं दिसतातच.

मग थ्रस्ट व्हेक्टरिंग लागतं का? साधा हिशोब करून बघू. समजा दोन्ही इंजिनांचा मिळून १५० किलोन्यूटन थ्रस्ट आहे आणि नॉझल १० अंश बाजूला वळलं, तर बाजूचा जोर येतो साधारण २६ किलोन्यूटन. चार चौरस मीटरची शेपटी कमी उंचीवर ३०० नॉटला जवळपास ३० किलोन्यूटन देते. म्हणजे बरोबरीत आहेत. आता उतरताना बघा. १३० नॉटला त्या शेपटीचा जोर साडेपाच किलोन्यूटनवर येतो, पण अप्रोचला थ्रस्टही कमी असतो, २० किलोन्यूटन धरला तर १० अंशाला मिळतात फक्त साडेतीन, आणि टेकायच्या आधी पायलट थ्रॉटल मागे घेतो तेव्हा तेही नाही. म्हणजे व्हेक्टरिंगची ताकद इंजिन जोरात असताना आहे, आणि ज्या क्षणी इंजिन शांत असतं त्या क्षणी पंखाच्या कडांनीच सगळं निभवायला हवं. जो डिझायनर फक्त नॉझलच्या भरवशावर शेपटी काढतो तो उतरताना फसतो.

हे मी सिम्युलेटरवर प्रत्यक्ष बघितलंय. आडव्या वाऱ्यातला अप्रोच होता, पायलटने जमिनीपासून तीसेक फुटांवर नाक रनवेच्या रेषेत आणायला पेडल दिलं, डाव्या टोकाची कड पूर्ण उघडली, नाक आलं पण त्या पंखाची लिफ्टही गेली आणि डावा पंख खाली बसायला लागला, तो उचलायला कॉम्प्युटरने त्याच कडेकडून रोल मागितला, आणि ती कड तर आधीच यॉमध्ये अडकलेली. स्क्रीनवर सरफेसच्या, म्हणजे या हलणाऱ्या कडांच्या, रेषा वळवळत असतात त्या एकेक करून वरच्या मर्यादेला जाऊन सपाट झाल्या. तिथे ओळ सपाट झाली की कंट्रोल संपला एवढाच त्याचा अर्थ. पुढे कित्येक आठवडे आम्ही फक्त वाटणीवर घासाघीस केली, पिचचं मागणं आधी भागवायचं, मग रोल, यॉ सगळ्यात शेवटी, आणि नाक पूर्ण सरळ करायचा हट्ट सोडून थोडं तिरकंच टेकायचं, चाकं ते सोसतात.

याचाच जुळा भाऊ म्हणजे सरफेस वळण्याच्या वेगाची मर्यादा. सरफेस किती वळतो यापेक्षा तो सेकंदाला किती अंश वळतो यावर अस्थिर विमानाचा जीव असतो. २५ एप्रिल १९९२ ला वायएफ-२२, म्हणजे एफ-२२ चं चाचणीचं विमान, अमेरिकेतल्या एडवर्ड्स तळाच्या रनवेवर आपटलं ते याच कारणाने, पायलट एक सांगतोय, सरफेस मागे पडतायत, तो आणखी जोरात सांगतोय, आणि नाक वर-खाली डोलायला लागलं. पायलट वाचला. त्याला शेपट्या होत्या, चांगल्या चार. विनाशेपटीच्या विमानात तर त्याच कडा पिच, रोल आणि यॉ तिन्ही ओढत असतात, म्हणजे त्या हलवणाऱ्या अॅक्चुएटरवरचा ताण कितीतरी जास्त. आणि यात इंजिनाचं एक मोठं न्यून आहे, नॉझल झटकन वळतं पण थ्रस्ट वाढायला रोटर फिरायला लागतो, त्याला सेकंद लागतात. म्हणून थ्रस्ट कमीजास्त करून दिशा धरणं क्रूझला ठीक, वळणाच्या मध्यात नाही.

आणि कॉम्प्युटरला माहिती खरी मिळायला हवी. २३ फेब्रुवारी २००८ ला गुआमवर बी-२ टेकऑफलाच कोसळलं, हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरमध्ये ओल शिरली होती, ते तशाच अवस्थेत कॅलिब्रेट झाले, आणि उडताना कॉम्प्युटरला वेग चुकीचा आणि नाक खाली असल्याचं दिसलं, त्याने नाक जोरात वर घेतलं आणि विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांची लिफ्टच गेली. दोघेही वैमानिक इजेक्ट होऊन वाचले. ना इंजिन बिघडलं होतं ना सरफेस. विनाशेपटीच्या विमानाची खरी शेपटी म्हणजे हे सेन्सर, असं मी नव्या मुलांना सांगतो आणि ते शब्दशः खरं आहे.

आता चपळाई म्हणजे नेमकं काय यावर जरा बोलू, कारण एअर शोमध्ये विमान हवेत उभं राहून गिरकी घेतं ते बघून लोकांचा समज तसा होतो. सु-३० एमकेआयची नॉझल ३२ अंश बाहेरच्या बाजूला कललेली आहेत आणि १५ अंश वळतात, त्यामुळे दोन वेगळी वळवून यॉसुद्धा मिळतो, बघायला अप्रतिम. पण त्यात वेग जातो, आणि वेग म्हणजे एनर्जी, ती परत मिळवायला वेळ लागतो. पुढच्या पिढीच्या विमानाचं काम ५० हजार फुटांवर, मॅक १.५ ला आहे. तिथे ३ जी चं, म्हणजे वजनाच्या तिप्पट जोराचं, वळण घेतलं तर दर येतो सेकंदाला साडेतीन अंशांच्या आसपास आणि त्रिज्या तब्बल ७ किलोमीटर. इथे गिरकीला किंमत नाही, किंमत आहे ते ३ जी वेग न गमावता धरून ठेवण्याला.

आणि नेमकं इथेच व्हेक्टरिंग खरं उपयोगी पडतं, जे कुणी बोलत नाही. सुपरसॉनिक झालं की लिफ्टचं केंद्र मागे सरकतं आणि नाक खाली जायला बघतं. कॉन्कॉर्डमध्ये यासाठी सुमारे २० टन इंधन मागच्या टाकीत पंप करायचे. विनाशेपटीच्या विमानाला नाक वर धरायला मागच्या कडा वर उचलून ठेवाव्या लागतात, म्हणजे लिफ्ट जाते, ड्रॅग वाढतो, आणि ती उचललेली कड रडारलाही दिसते. तेच काम नॉझल दोन अंश वळवून केलं तर पंख स्वच्छ राहतो. त्यामुळे मला विचाराल तर पिचमधलं व्हेक्टरिंग हवंच, कोलांट्यांसाठी नाही, ट्रिमसाठी, म्हणजे नाक हव्या त्या कोनात स्थिर धरायला.

यॉमधलं मात्र अवघड आहे. गोल नॉझल सगळीकडे वळू शकतं पण मागून रडारला आणि इन्फ्रारेडला चांगलंच दिसतं. चपटं नॉझल लपतं, एक्झॉस्ट बाजूच्या थंड हवेत लवकर मिसळतं, पण ते फक्त वर-खाली वळतं, एफ-२२ चं तसंच आहे, २० अंश वर, २० अंश खाली. शिवाय गोल इंजिनातून चपट्या तोंडात येताना कोपऱ्यांवर ताण येतो, वजन वाढतं, थोडा थ्रस्ट जातो. वायएफ-२२ चा प्रतिस्पर्धी वायएफ-२३ ने तर १९९० मध्येच व्हेक्टरिंग सोडून दिलं आणि एक्झॉस्ट हवेने थंड ठेवलेल्या टाइल्सच्या खळग्यातून वरच्या बाजूने सोडला, स्टेल्थसाठी ते जास्त चांगलं होतं असं माझं मत आजही आहे, पण एप्रिल १९९१ मध्ये निवड वायएफ-२२ ची झाली. तिसरा रस्ता म्हणजे काहीच न हलवता, नॉझलच्या आत बाजूने हवा फुंकून जेट वळवायचा. ब्रिटनमध्ये मॅग्मा नावाच्या छोट्या ड्रोनवर २०१९ मध्ये हे उडवून दाखवलंय. मोठ्या फायटरला ती फुंकायची हवा इंजिनातूनच काढावी लागते, म्हणजे परत भार इंजिनावरच.

इनटेककडेही, म्हणजे इंजिनाला हवा देणाऱ्या तोंडाकडेही, बघायला हवं. कॉम्प्रेसरची पाती रडारला दिसू नयेत म्हणून नळी नागमोडी करतात, आणि वळणावर हवा कडेपासून सुटते, त्यामुळे फॅनला एका बाजूला जोरदार हवा आणि दुसऱ्या बाजूला मंद, अशी विस्कटलेली मिळते. ती जास्त विस्कटली की कॉम्प्रेसर स्टॉल होतो, धडाम आवाज येतो आणि थ्रस्ट जातो. इनटेक वर असेल तर रडारपासून लपतो पण अल्फा वाढला की नाकामागची सुटलेली हवाच तो गिळतो. म्हणजे विमान किती अल्फा घेणार हे पंख नाही, इनटेक ठरवतो. ज्याला चपळ विमान हवंय त्याने इंजिनवाल्यांना पहिल्या दिवसापासून सोबत बसवावं, नंतर इंजिन आणून बसवलं की रडारड ठरलेली.

आता अडॅप्टिव्ह इंजिन. फायटर इंजिनात बायपास, म्हणजे गाभ्याला वळसा घालून जाणाऱ्या हवेचं प्रमाण, कमी ठेवतात, एफ-२२ च्या एफ११९ मध्ये ०.३ च्या आसपास, म्हणजे बहुतेक हवा गाभ्यातून जाते, जेट वेगवान, सुपरक्रूझला (आफ्टरबर्नर न लावता सुपरसॉनिक उडायला) उत्तम, पण सबसॉनिक क्रूझला तहान जास्त. एफ-३५ चं एफ१३५ ०.५७ च्या आसपास, थ्रस्ट भरपूर पण सुपरक्रूझ नाही. अडॅप्टिव्हमध्ये बाहेरून तिसरा प्रवाह असतो, क्रूझला उघडायचा, लढाईत मिटून हवा गाभ्याकडे वळवायची. कल्पना नवी नाही, वायएफ१२० हे बदलत्या सायकलचं इंजिन १९९० मध्येच उडालं होतं, तेव्हा साध्या रचनेचं एफ११९ जिंकलं. जीई कंपनीच्या एक्सए१०० या अडॅप्टिव्ह इंजिनाची चाचणी डिसेंबर २०२० मध्ये सुरू झाली, कंपनीचा आकडा २५ टक्के इंधन बचत आणि १० टक्के जास्त थ्रस्टचा. २०२३ मध्ये अमेरिकन हवाई दलाने एफ-३५ साठी ते न घेता जुन्याच इंजिनाचं अपग्रेड निवडलं, पण तोच धागा पुढे एक्सए१०२ आणि एक्सए१०३ मध्ये चालू आहे, आणि २१ मार्च २०२५ ला बोइंगच्या एफ-४७ ची घोषणा झाली ती याच पिढीच्या इंजिनांची वाट धरून.

पण मला त्या तिसऱ्या प्रवाहात सगळ्यात मोलाची वाटते ती थंड हवा. रडार, जॅमर, कॉम्प्युटर सगळे उष्णता ओततात, स्टेल्थ विमानाला ती बाहेर टाकायला भोकं पाडता येत नाहीत, म्हणून ती इंधनात टाकतात, आणि इंधन संपत आलं की टाकायला जागाच नाही. एफ-३५ मध्ये इंजिनातून ठरल्यापेक्षा जास्त हवा थंडाव्यासाठी ओढावी लागतेय, त्याने इंजिन जास्त गरम चालतं आणि आयुष्य कमी होतं. विनाशेपटीच्या विमानात अॅक्चुएटर सतत राबतात, त्यांचीही उष्णता यात भर घालते, आणि नॉझलच्या कडाही थंड ठेवायच्यात. तिसरा प्रवाह हे सगळं पोटात घेतो.

राहिली तीन इंजिनं. २६ डिसेंबर २०२४ ला चीनमधल्या चेंगडू शहरावर दिसलेलं ते विमान, ज्याला लोक जे-३६ म्हणतात, त्यात दोन इनटेक खाली आणि तिसरा वर पाठीवर आहे. मोठं विमान, भरपूर इंधन, पोटात मोठी शस्त्रं, आणि ते उंचावर सुपरसॉनिक ठेवायचं तर थ्रस्ट लागतोच, एकेक इंजिन तेवढं देत नसेल तर तिसरं घालणं हा सरळ मार्ग आहे. त्याने दुरुस्तीचं काम वाढतं आणि आतली जागा जाते, ही किंमत खरी आहे. पण कंट्रोलवाल्याच्या नजरेने बघा, मधलं इंजिन मध्यरेषेवर आहे, बाजूचं एक बंद पडलं तरी उरलेल्या दोघांचा तिरका ओढा दोन इंजिनांच्या विमानापेक्षा कमी असतो, आणि शेपटी नसताना हा ओढा सावरणं हेच सगळ्यात कठीण गणित आहे. पाठीवरचा इनटेक मोठ्या अल्फाला हवेसाठी तडफडेल, खालचे दोन मात्र श्वास घेत राहतील, त्यामुळे तसं विमान उंच, वेगवान आणि लांब पल्ल्याचं म्हणून बघावं, गिरक्या घेणारं म्हणून नाही.